आमच्या घरातला सनातनी



गेल्या महिन्यात रात्री जेवायला बसलो असताना माझ्या मुलीने मला सनातनी म्हटले. भांडणात नव्हे, अगदी सहज. ताटात वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर होती, आणि मी नेहमीप्रमाणे मोबाइल बाजूला ठेवून जेवण्याबद्दल दोन शब्द बोललो होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे आपल्या घरातले सनातनी आहात." मुलगा मोठ्याने हसला. त्यांची आई हसली नाही, पण भाजी वाढायच्या निमित्ताने तिने तोंड फिरवले, ते मी पाहिले.

दुसऱ्या एखाद्या घरात हा शब्द कौतुकाचाही असेल. आमच्या घरात तो शिवीच्या खालचा नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या बापाची आपण लेकरे. त्या वेळी समोर जे उभे होते ते सनातनी. आणि आज त्याच बापाचा फोटो दिवाणखान्यात लावून, त्याच्याच खाली बसून जेवणाऱ्या माणसाला त्याची पोरगी तोच शब्द लावते. मी काही बोललो नाही. हात धुतला आणि अंगणात जाऊन बसलो. थंडी होती, तरी बसलो.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, हे मला मान्य आहे. कारकुनी करतो, बी.कॉम. झालो आहे, आणि जमा-खर्चाच्या वहीत एक रुपया जुळत नसेल तर मला झोप येत नाही. लग्न साधे असावे, वेळेवर लागावे, कर्ज काढून लावू नये, असे मला वाटते. वडीलधारी माणसे आली तर पोरांनी उठून बसायला जागा द्यावी, असे वाटते. वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिथे असावे, असे वाटते. दारूला घरात जागा नाही. यातले काय चुकीचे आहे, असा प्रश्न मी त्या रात्री अंगणात बसून स्वतःला विचारला, आणि उत्तर माझ्याच बाजूने दिले. आपणच वकील, आपणच न्यायाधीश, निकाल दुसरा कसा लागणार!

पण या शब्दामागे एक वर्षभराची गोष्ट आहे. ती सांगतो.

मी आमच्या विहाराच्या जयंती समितीचा चौदा वर्षे कोषाध्यक्ष आहे. आमचे गाव नगरपरिषदेचे, वर्धा जिल्ह्यातले, वस्ती दोनशे घरांच्या आतली. २०२५ च्या मार्च महिन्यात जयंतीची बैठक भरली. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय डीजेचा. पोरांचे म्हणणे, यंदा मिरवणुकीत डीजे पाहिजे. मी म्हणालो, वर्गणीत बसत नाही. तेव्हा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, पैशाचं टेन्शन घेऊ नका. भाऊ देऊन रायले."

हे भाऊ म्हणजे नगरपरिषदेच्या निवडणुकीचे एक इच्छुक. वाचकांना आठवत असेल, मुदत संपल्यावर आपल्याकडच्या नगरपरिषदा कितीतरी काळ प्रशासकाच्या हाती होत्या. ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकलेला, निवडणूक कधी लागेल ते कोणाला ठाऊक नाही. पण इच्छुकांना निवडणुकीचा वास मुंगीला साखरेचा यावा तसा आधीच येतो. चौकाचौकात 'भावी नगराध्यक्ष', 'भावी नगरसेवक' लागले होते. भाऊ डीजेचा सगळा खर्च द्यायला तयार होते. बदल्यात वस्तीच्या तोंडाशी कमान लागणार, कमानीवर भाऊ.

कमानीचा नमुना एका पोराने मोबाइलवर दाखवला. मधोमध भाऊ, हात जोडलेले. वर एका कोपऱ्यात बाबासाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात तथागत. दोघेही पोस्टाच्या तिकिटाएवढे. मी चष्मा काढून परत लावला. म्हणालो, ही जयंती नेमकी कोणाची आहे?

मित्रहो, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला जे इशारे दिले, त्यात राजकारणातल्या भक्तीचा इशारा होता. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल-नसेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे सांगणे. हे सांगणाऱ्या माणसाच्या जयंतीला आपण दुसऱ्या कोणाची कमान लावायची? मी बैठकीत एवढेच विचारले. आवाज चढला होता, हे कबूल करतो.

तेव्हा माझाच मुलगा उठला. एकोणीस वर्षांचा आहे. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाबा, कमान नको तर नको लावू. पण बाकी साऱ्याइच्या मिरवणुकीत डीजे वाजते, आपल्याच मिरवणुकीत काऊन नाही? आपला आवाज लहानच राहिला पाहिजे का?"

बैठकीत टाळ्या पडल्या. त्याच्या बोलण्यात जोर होता, आणि मी तो नाकारत नाही. ज्यांच्या आजा-पणज्यांना गावाच्या हमरस्त्याने वाजतगाजत जाण्याची सोय नव्हती, त्यांच्या नातवांना मोठा आवाज हवासा वाटला तर त्याला नुसता उथळपणा म्हणून मोकळे होता येत नाही. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती जाहीरपणे साजरी करायला सुरुवात केली, तेव्हाही 'आम्हीही रस्त्यावर आहोत' हे सांगणे त्यात होतेच. हे मला आज लिहिताना सुचते. त्या दिवशी सुचले नाही. त्या दिवशी मी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काढले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. पोरांना नियम सांगितले की त्यांना वाटते, याच्याकडे उत्तर नाही.

मतदान झाले. डीजे दोन मतांनी पडला. कमान तर नाहीच. मी विजयी चेहऱ्याने घरी आलो.

आणि जयंतीला पोरे आली नाहीत. म्हणजे आली, पण आमच्या मिरवणुकीत नाही. पलीकडच्या वॉर्डात डीजे होता, तिथे गेली. आमच्या मिरवणुकीत निळा झेंडा, समता सैनिक दलाचे सहा जण, ढोलकी-पेटीवाली मंडळी, म्हाताऱ्या आयाबाया आणि लहान लेकरे. वामनदादा कर्डकांची गाणी म्हणणारा आमचा एक गायक आहे, त्याचा आवाज अजून खणखणीत आहे. पण ऐकायला निम्मी वस्ती नव्हती. वर्गणीही कमी जमली. समितीच्या इतिहासात पहिल्यांदा मला खिशातून अकराशे रुपये घालून वही जुळवावी लागली. उसनवार म्हणून लिहिले. अजून येणे आहे.

इथे थोडे मागे जातो. मी असा का आहे, हे सांगितले पाहिजे.

माझे आजोबा समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. १९५६ च्या ऑक्टोबरात ते सिंदीच्या स्टेशनपर्यंत पायी गेले आणि तिथून रेल्वेने नागपूर. सोबत आजी आणि माझे वडील, तेव्हा अकरा वर्षांचे. आजीकडे पांढरे लुगडे नव्हते, ते शेजारच्या गावातल्या बहिणीकडून आणले होते. १४ ऑक्टोबरला दीक्षा घेऊन ते परत आले आणि घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडून दिले. मेलेली ढोरे ओढणे बंद केले. गावाने काम देणे बंद केले. आजोबा त्याआधी दारू प्यायचे, हे माझ्या आजीनेच मला सांगितले होते. दीक्षेनंतर नाही. आजी म्हणायची, "बुढ्यानं देव सोडले त्याचं मले काही नाही वाटलं. पण बाटली सोडली तवा मले वाटलं, बाबासाहेब खरेच मोठे होय बापा!"

आता गंमत पाहा. माझे आजोबा त्यांच्या गावात मोडणारे होते. रीत मोडली, देव मोडले, बलुते मोडले. गावातली शहाणीसुरती माणसे त्यांना 'बिघडलेला' म्हणायची. त्यांनी मोडून जे उभे केले ते वडिलांनी हिंगणघाटला मिलमध्ये पाळ्या करत जपले आणि माझ्या हाती दिले. मी ते जपतो, तर मी सनातनी! मोडणाऱ्याचा नातू जपणारा व्हावा, यात मला तरी लाज वाटत नाही. आणि पुन्हा असेही वाटते की आजोबा आज असते तर माझ्या बाजूला बसले असते की पोरांच्या, ते सांगता येत नाही.

जपायचे म्हणजे काय जपायचे, हा खरा वांधा आहे. परवा आमच्या नात्यात एक लग्न झाले. पत्रिका आली. वर तथागतांचे चित्र, खाली 'मंगल परिणय', नावांच्या आधी 'आयु.', गेलेल्या आजोबांच्या नावाआधी 'कालकथित'. सगळे आपले. आणि मग वेळ: सकाळी ११ वाजून ५३ मिनिटे. मी वधूपित्याला विचारले, ही ५३ मिनिटे कुठून आली? तो म्हणाला, "अशीच, छापणाऱ्यानं टाकली." छापणारा ५० टाकत नाही, ५५ टाकत नाही, ५३ टाकतो! मुहूर्त दारातून हाकलला तो छापखान्याच्या खिडकीतून आत आला. प्रत्यक्षात लग्न लागले दीड वाजता, कारण नवरा-नवरी धाम नदीच्या काठी फोटो काढून यायचे होते आणि भन्तेजी तोवर मांडवात घाम पुसत बसले होते. पंचशील म्हणताना अर्धा मांडव जेवणाच्या रांगेत. हळदीचा कार्यक्रम आदल्या रात्री झाला, त्यावर मी बहिष्कार टाकला. लग्नाच्या जेवणावर मात्र टाकला नाही. माझ्या मुलीने हे सगळे पाहिले आहे.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मासाठी द्यायला सांगितला होता. विसावा भाग म्हणजे शेकडा पाच. त्या लग्नाला माझ्या नातलगाने पतसंस्थेतून जे कर्ज काढले, त्याचे एका वर्षाचे व्याज त्याच्या वार्षिक पगाराच्या शेकडा पाचाहून जास्त भरते. मी मांडवातच हिशोब केला, जेवणाच्या पत्रिकेच्या पाठीवर. माझ्या पत्नीने ती पत्रिका काढून घेतली.

पुन्हा निवडणुकीकडे येतो. शेवटी एकदाची ती २०२५ च्या डिसेंबरात लागली. त्याआधी दसरा आणि गांधी जयंती त्या वर्षी एकाच दिवशी आली होती, २ ऑक्टोबरला. आमच्या जिल्ह्यात या योगाला वेगळाच रंग. सेवाग्रामकडे जाणाऱ्या गाड्या एका दिशेने, दीक्षाभूमीकडे जाणारे आमचे लोक दुसऱ्या दिशेने. वर्ध्याच्या स्टेशनवर पांढऱ्या खादीतले आणि पांढऱ्या साड्यांतले एकाच बाकावर बसलेले मी पाहिले. गांधीजी १९३६ मध्ये इथल्या शेगावात येऊन राहिले आणि त्यांना खेड्यात देशाचे भले दिसले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर ठरवले. मी या प्रश्नात बाबासाहेबांकडे आहे, कारण माझ्या आजोबांचे काम ज्याने बंद केले ते खेडेच होते. पण एक गोष्ट गांधी-विनोबांच्या नावाने आमच्या जिल्ह्याला मिळाली, ती मी उपकार म्हणून मानतो. दारूबंदी. सत्तरच्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात परवान्याचे दारूचे दुकान नाही. गडचिरोलीत १९९३ ला बंदी आली ती टिकली आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आमची सगळ्यांत जुनी.

बंदी आहे, आणि दारूही आहे. मोहाची हातभट्टी आहे, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारी बाटली आहे. प्रचाराच्या दिवसांत तर इतकी आली की बंदी नसलेल्या जिल्ह्यांनी लाजावे. पोरांना प्रचारासाठी रोजी, गाडीत पेट्रोल आणि रात्री 'सोय'. सोय या शब्दाचा अर्थ वाचकांना सांगायला नको. पंचशीलातले पाचवे शील सकाळी म्हणायचे आणि रात्री सोयीला जायचे! आणि हे कोणत्या एका पक्षाचे नाही. ज्यांच्या झेंड्यात निळा आहे तेही, ज्यांच्यात नाही तेही.

माझा मुलगाही दोन दिवस गेला. मला सांगून नाही. पेट्रोल मिळते म्हणून गेला, हे मला नंतर कळले. तिसऱ्या रात्री साडेनऊला घरी आला आणि आईला म्हणाला, जेवायला आहे का. तिने विचारले, तिकडे जेवण असते ना? तो म्हणाला, "तिकडं जेवणापेक्षा दुसरंच जास्त असते." एवढेच. मी पलीकडच्या खोलीत जागा होतो. उठून बाहेर यावे, पाठीवर हात ठेवावा, असे वाटले. उठलो नाही. माझ्या वडिलांनीही माझ्या पाठीवर हात कधी ठेवला नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. ही रीत मात्र जपण्यासारखी होती का, याची मला शंका आहे.

मतदानाच्या दोन दिवस आधी पाकीट आले. मी घरी नव्हतो. आई ओसरीत बसली होती, वय सत्तरच्या पुढे. आणणारा पोरगा ओळखीचाच, वस्तीतलाच. घरात किती मते, एवढे विचारून त्याने पाकिटे काढली. आई त्याला म्हणाली, "बाबू, बस आधी. पाणी पे. आता सांग, एका मताचे किती?" त्याने सांगितले. आई म्हणाली, "माहा बाप दिवसभर राबे तवा त्याले चार आणे भेटे, पर मत नव्हतं. बाबासाहेबानं मत देलं ते काही इकाले नाही देलं. ने बावा हे, अन् तुह्या मायले सांगजो म्हतारीनं चहा पाजला म्हणून." आणि खरेच त्याला चहा पाजला.

आईला सायमन कमिशन माहीत नाही. १९२८ मध्ये त्या कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, म्हणजे ज्याच्याजवळ जमीन नाही, पदवी नाही, त्यालाही मत मागितले, हे मी तिला वाचून दाखवले असेल-नसेल. पण तिला ते ठाऊक आहे. आमच्या गल्लीत किती घरांनी पाकीट ठेवले, ते मी लिहीत नाही. ज्यांनी ठेवले त्यांत एक घर असे आहे की ज्याची पोरगी तापाने पडली होती. त्याला काय शहाणपण शिकवू?

निकाल लागला. कमानवाले भाऊ पडले. त्यांच्याऐवजी जे आले त्यांचीही कमान आता लागली आहे.

आता मुलीकडे. त्या 'सनातनी'च्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी तिला विचारले, तू तसे का म्हणालीस? मला वाटले होते की ती मोबाइलवरून म्हणाली असेल, नाहीतर हळदीच्या बहिष्कारावरून. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती म्हणाली, "बाबा, डीजे तुम्ही बंद केला ते बरोबर केलं. मलाही डोकं दुखतं त्यानं. पण त्याच्या जागी तुम्ही काय दिलं? विहाराला सात वाजता कुलूप लागतं. कपाटात पुस्तकं आहेत, त्यालाही कुलूप. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे. आम्ही अभ्यासाला कुठं जायचं? पोरांनी डीजेकडे नाही जायचं तर कुठं जायचं?"

मी म्हणालो, पुस्तके हरवतात, म्हणून कुलूप.

ती म्हणाली, "हरवली तर कोणी वाचली तरी असती."

वाचकहो, त्या कपाटाची हकीकत अशी. २००९ साली वर्गणी काढून आम्ही ते घेतले. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे सरकारने काढलेले खंड, फुल्यांचे समग्र वाङ्मय, शब्दकोश, स्पर्धा परीक्षेची काही पुस्तके. देवघेवीची नोंदवही मी स्वतः आखली. लाल शाईने रकाने. दरवर्षी वार्षिक सभेत मी ती वही दाखवतो आणि सांगतो, एकही पुस्तक गहाळ नाही. टाळ्या पडतात. त्या संध्याकाळी मी ती वही पुन्हा काढली. शेवटचे पुस्तक दिल्याची नोंद २०१९ ची होती. त्यानंतर कोरे रकाने. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्र वापरले तरी झिजते आणि नाही वापरले तरी त्याची किंमत उतरते. सहा वर्षे मी ताळेबंदात ते कपाट पूर्ण किमतीला दाखवत होतो.

हे मी घरी सांगितले तेव्हा पत्नीने आपला प्रश्न काढला. ती अंगणवाडीत आहे, बोलते कमी. म्हणाली, "तुमच्या समितीत माणसं किती?" म्हणालो, एकवीस. "बाया किती?" मी गप्प. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला महिला परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे बाबासाहेबांनी बायकांना सांगितले की लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊन राहू नका, बरोबरीने उभ्या राहा. महाडलाही १९२७ मध्ये त्यांनी सांगितले होते की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. या दोन्ही भाषणांवर मी स्वतः विहारात बोललेलो आहे, तेही टिपणे काढून. सतरंज्या घालायला आणि चहा करायला समोर बाया होत्याच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. नगरपरिषदेत आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, आमच्या जयंती समितीत नाहीत. पत्नी म्हणाली, "मतदानात डीजे दोन मतानं पडला म्हणता. बायांना इचारलं असतं तर पन्नास मतानं पडला असता. अन् पोरं पण रागावली नसती, आपल्या मायचं ऐकलं असतं."

याला माझ्याकडे नियमही नव्हता.

जानेवारीच्या बैठकीत मी तीन ठराव मांडले. समितीत सात स्त्रिया घ्याव्यात. कमानीवर आणि पत्रिकेवर कोणत्याही इच्छुकाचा, नगरसेवकाचा, माजीचा, भावीचा फोटो असू नये. विहार रात्री दहापर्यंत उघडा ठेवावा. पहिल्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की घरातल्या बाया बैठकीला आल्या तर स्वयंपाक कोण करील. त्यांच्याच सूनबाई मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बैठक सात वाजता ठेवू नका, चार वाजता ठेवा." ठराव मंजूर झाला. दुसरा एकमताने. तिसऱ्यावर दीड तास गेला, विजेच्या बिलावरून. तो मीच लांबवला, सवयीने.

डीजेचे यंदा काय? मुलाने आणि त्याच्या दोस्तांनी एक मागणी ठेवली आहे. ढोल-ताशा आमचा आम्हीच वाजवू, शिकतो, पण आवाज लहान ठेवा म्हणून दर दहा मिनिटांनी कोणी सांगायला यायचे नाही. 'कोणी' म्हणजे कोण, ते उघड आहे. मी अजून हो म्हटलेले नाही. समितीतल्या बायांनी म्हटले आहे, त्यामुळे माझ्या होकाराला किती किंमत उरली, हाही प्रश्नच. ते रोज संध्याकाळी मैदानात सराव करतात. ताल अजून बसलेला नाही. माझ्या आईचे म्हणणे, बसेल.

विहाराची किल्ली आता मुलीकडे आहे, कपाटाची तिच्या मैत्रिणीकडे. पंधरा-वीस पोरेपोरी रोज येऊन बसतात. परवा रात्री साडेनऊला मी बाहेरून फेरी मारली. आत माझा मुलगाही होता, वाचत होता की मोबाइल पाहत होता ते खिडकीतून नीट दिसले नाही. आत गेलो नाही.

विजेचे बिल गेल्या महिन्यात दुप्पट आले. नोंदवहीत सत्तावीस नोंदी झाल्या आहेत, अक्षर माझे नाही, रकान्याच्या बाहेर जाते. एक शब्दकोश बारा दिवसांपासून परत आलेला नाही. मी तो 'येणे' म्हणून लिहून ठेवला आहे, माझ्या अकराशे रुपयांच्या खाली.